रविवारचे बूट

शनिवारी सकाळपासून व्हर्लीन टॉलिव्हरच्या घरात टिकटिक ऐकू येत होती. टिक्, जरा थांबून टिक्, मग पुन्हा टिक्. घरातलं एकुलतं एक घड्याळ अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, आणि नवऱ्यानं दुरुस्त केल्यापासून तर ते कायमचंच गेलं होतं. व्हर्लीननं फ्रिजच्या मागे बघितलं, नळ आवळला, पलंगाखाली झाडू फिरवला.

"वाळवी असणार," तिचा नवरा रोझेल म्हणाला. "आपल्या मिसिसिपीतली वाळवी दात घासून मग जेवायला बसते. त्याचा आवाज."

एवढं बोलून तो लाकडी जमिनीवरून मोज्यांनिशी चालत कॉफी आणायला गेला. टिक्, टिक्, टिक्.

दुपारी तो खुर्चीत डुलकी काढायला बसला आणि वाळवीही झोपली. व्हर्लीनच्या हातातला काकडीचा चाकू तसाच राहिला.

"म्हाताऱ्या, पाय वर कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

डाव्या तळव्यात, मोज्यातून आरपार, एक चूक रुतली होती. सुतार ज्या बारक्या खिळ्याला चूक म्हणतात, ती. तिचं डोकं चालून चालून घासून चकचकीत झालं होतं. व्हर्लीननं पक्कड आणली, डोळे मिटले आणि ओढली.

"दुखलं?"

"काय?" रोझेल म्हणाला. "तू ओढलीस का?"

व्हर्लीननं चूक उजेडात धरली. ती चांगली अर्ध्या पेराएवढी होती. रोझेलला साखरेचा आजार जडून सतरा वर्षं झाली होती, आणि साखरेनं त्याच्या पायातलं दुखणं आधी खाल्लं होतं. आता उरलेला पाय खायला ती मोकळी होती. हॉलिस बेंडमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण या गावात माणसांची संख्या दोननं गुणली तर पायांचा हिशेब लागत नसे. चर्चमधल्या क्लिओथा बँक्सचा उजवा गेला होता आणि तिथल्याच कारभाऱ्याचा, डीकन पर्व्हिसचा, डावा. दोघांचं माप अकरा. दोघं मिळून एकच जोड घेत आणि रंगावरून दुकानात भांडत. क्लिओथाला काळे हवे असत आणि डीकनला तपकिरी, म्हणून शेवटी दुकानदारानंच त्यांना मरून रंगाचे दिले असं म्हणतात. गाव यावर हसायचं. पण प्रत्येक घरात रात्री अंथरुणावर पडताना माणूस आधी आपली बोटं मोजायचा.

व्हर्लीननं जखम धुतली, खारवलेल्या चरबीचा तुकडा आणि तांब्याचं नाणं वर बांधलं, कारण तिच्या आजीनं खिळ्यावर हेच बांधलं होतं. आणि सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला तिनं दवाखान्याला फोन लावला, कारण ती आजी नव्हती.

"जखमेभोवती लाल झालंय का?" फोनवरच्या मुलीनं विचारलं.

"लाल?"

"हो. लालसर झालं असेल तर लगेच या. नसेल तर सोळा दिवसांनी वेळ देते."

"अगं बाई, माझा नवरा चौसष्ट वर्षं डांबराच्या रंगाचा आहे. त्याच्यावर लाल कुठं शोधू? टॉर्च लावू का?"

"म्हणजे लाल नाहीये," मुलगी म्हणाली, आणि सोळा दिवस लिहून मोकळी झाली.

ते सोळा दिवस व्हर्लीननं कसे काढले ते तिलाच माहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजताना तिचं लक्ष घरी असायचं. संध्याकाळी आल्या आल्या ती पर्सही न ठेवता त्याचा तळवा हातात घ्यायची. पाय गार लागायचा, पाण्यातून काढलेल्या माशासारखा. रोझेल म्हणायचा, "थंडीचे दिवस आहेत." बाहेर लोक बनियनवर बसलेले असायचे.

दवाखान्याच्या दिवशी मात्र व्हर्लीन पहाटेच उठली आणि इस्त्री तापवली.

व्हर्लीनची आई म्हणायची, "देवासमोर उघडं गेलं तरी चालतं, त्यानं सगळं बघितलेलंच असतं. डॉक्टरसमोर जाताना इस्त्री पाहिजे." आईच्या तरुणपणी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काळ्यांना मागच्या दारानं तळघरात जावं लागे. ते दार बंद होऊन समोरचं उघडलं, पण समोरच्या दारातही कुणाला आधी बोलावतात आणि कुणाला भिंतीशी बसवून ठेवतात हे आईनं डोळ्यांनी बघितलं होतं. अंगावर कामाचे कपडे दिसले की समजायचे, हा औषध घेणार नाही, पैसे बुडवणार, नशेच्या गोळ्या मागायला आलाय. म्हणून आई मरणाच्या वाटेवरही केस विंचरून, मोत्यांची माळ घालून गेली. डॉक्टर म्हणाले होते, बाई तर चांगल्या दिसतात. ही गोष्ट आई गेल्यावर घरात अभिमानानं सांगितली जायची. तिचा दुसरा अर्थ निघतो हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तर रोझेलला तपकिरी तीन तुकड्यांचा सूट चढवला गेला. टोपीला पीस लागलं. आणि बूट? रविवारचे बूट, तपकिरी-पांढरे, टोकाला निमुळते, अर्ध्या मापानं घट्ट, कारण ते सवलतीत मिळाले होते. त्यांना असं पॉलिश केलं जायचं की म्हणे डास त्यात बघून भांग पाडून पुढं जायचे. रोझेल चर्चमध्ये दारावरचा मुख्य स्वागतकर्ता होता. पांढरे हातमोजे घालून तो लोकांना बाकांवर बसवायचा. त्या बुटांशिवाय त्याला कुणी गोऱ्या माणसानं बघितलं असेल तर ते तो सात वर्षांचा असताना, कापसाच्या शेतात.

"जरा आवळतायत," तो म्हणाला.

"दोन तासांचा प्रश्न आहे," व्हर्लीन म्हणाली आणि गुडघ्यावर बसून तिनं स्वतः लेस ओढल्या. अशा ओढल्या की शेवटची गाठ मारताना तिच्या कपाळावर शीर उठली.

दवाखान्यात नर्स आली. केस सोनेरी, वय व्हर्लीनच्या नातीएवढं.

"रोझेल! ये रे, आत ये."

"मिस्टर टॉलिव्हर," व्हर्लीन म्हणाली.

नर्स लाल झाली. तिच्यावर ते लगेच दिसलं. "सॉरी. मिस्टर टॉलिव्हर. आज कसं वाटतंय?"

"तक्रार नाही," रोझेल म्हणाला, "देवाची कृपा."

हे तो सगळ्यांनाच म्हणायचा. त्याच्या बापानंही गाढवानं लाथ मारून बरगडी मोडली तेव्हा हेच म्हटलं होतं. नर्सनं कॉम्प्युटरवर टाइप केलं.

"त्यांच्या पायाचं बघायचंय," व्हर्लीन म्हणाली.

"हो ना! अय्या, काय सुंदर बूट! लग्नाला निघालात का दोघं?" नर्स खाली वाकली. तिनं मोजा घोट्यापाशी दोन बोटं खाली केला, बुटाच्या चामड्यावरून हात फिरवला. "आता ही एवढी छान बांधलेली गाठ सोडायची म्हणजे... लाल नाही, सूज नाही. दुखतंय?"

"नाही बाई," रोझेल खरं तेच बोलला.

व्हर्लीनच्या जिभेवर आलं होतं की गाठ सोड, मी परत बांधते, हात झिजत नाहीत माझे. पण नर्स हसत होती. मिस्टर म्हणत होती. या इमारतीत टॉलिव्हरांकडे बघून कुणी असं हसलं नव्हतं, आणि व्हर्लीनला वाटलं, इस्त्री फळली. ती गप्प बसली. निघताना हातात आलेल्या कागदावर लिहिलं होतं: *दोन्ही पाय तपासले. सर्वसाधारण.*

बूट घरी येऊन काढायला दोघांना जोर लावावा लागला. पाचव्या दिवशी डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली. रोझेल आधीच काळा, म्हणून हा काळा वेगळा होता हे व्हर्लीनलाच कळलं. जळक्या लाकडाचा, जिवंतपणा नसलेला काळा. आणि वास.

मंगळवारी जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या सर्जननं पाय बघितला. डॉक्टर प्रुइट म्हातारे, मऊ आवाजाचे, रोझेलच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारे.

"गुडघ्याखालून काढावा लागेल. परवा, गुरुवारी सकाळी सात वाजता. बुधवारी मध्यरात्रीनंतर पाणीसुद्धा नाही. तोवर या गोळ्या."

"बोटं गेलीत ना दोन," व्हर्लीन म्हणाली. "मग गुडघा मध्ये कुठून आला?"

"रक्तच पोचत नाहीये, मॅडम. बोटं काढली तर जखम भरणार नाही. पुन्हा कापावं लागेल, मग पुन्हा. एकदाच करून टाकलेलं बरं. तुमच्या लोकांमध्ये हे फार दिसतं." ते दुःखानं मान हलवत होते. दुःख खरं होतं. "इथं सही करा."

रोझेलनं सही केली. बाहेर गाडीत बसल्यावर म्हणाला, "आता डीकन पर्व्हिसला मरून रंग सोडायला लाव. क्लिओथाचा आणि माझा उजवा-डावा जमत नाही बघ, दोघांचा... थांब, क्लिओथाचा गेलाय उजवा. म्हणजे जमतं!" आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज चिरकला. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि व्हर्लीननं गाडी एवढी हळू चालवली की मागून ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला.

बुधवारी ती कामावर गेली ती फक्त रजा मागायला. पाण्यात हात घालून भांडी घासणारी नॉरीन तिच्याशेजारी बारा वर्षं उभी राहत होती. गोरी, हाडकुळी, तोंडाची फटकळ. दोघी एकमेकींना घरी बोलवत नसत, पण एकमेकींचा रक्तदाब किती ते पाठ होतं.

"उद्या पाय काढतायत," व्हर्लीननं सांगितलं.

"अगं! मग जॅक्सनला काय म्हणाले?"

"कुठल्या जॅक्सनला?"

नॉरीनचे हात पाण्यातच थांबले. "माझ्या नवऱ्याचं, ड्वेनचं, पायाचं बोट नव्हतं का काळं पडलं, मागच्या मार्चमध्ये? प्रुइटनंच त्याला त्याच दिवशी जॅक्सनच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. हृदयाची करतात तशी पायाची अँजिओग्राफी केली, तार घालून रक्ताची नळी फुगवली, एक बोट काढलं. आता हरणांच्या मागे रानात मरत असतो दिवसभर. तुला नाही पाठवलं?"

"नाही."

"नळ्या तरी बघितल्या?"

"नाही."

"मला वाटलं तुलाही पाठवलं असेल. त्यात काय विचारायचं, असं वाटलं गं." नॉरीन लाल झाली, आणि या वेळी व्हर्लीनला त्या लाल रंगाचा राग आला. बारा वर्षं एका मोरीवर. त्याच डॉक्टरची तीच खुर्ची, तीच साखर, तेच काळं बोट. ड्वेनला तार, रोझेलला करवत.

राग काढायला वेळ नव्हता. दहा वाजले होते. उद्याचे सात यायला एकवीस तास.

तिनं कोठीच्या खोलीत टोमॅटोच्या डब्यांमध्ये उभं राहून हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत. जॅक्सनला पाठवायची चिठ्ठी डॉक्टरच देऊ शकतात. चिठ्ठी दिली तरी विम्याची मंजुरी यायला दहा ते चौदा दिवस, कामाचे. आणि मॅडम, उद्याची तारीख रद्द केली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. पाय चिघळला तर जबाबदारी तुमची. व्हर्लीननं फोन ठेवला. खरंच चिघळला तर? प्रुइट बरोबर असले तर? रोझेल गाडीतच गेला तर? डब्यांवरचे टोमॅटो तिच्याकडे बघत होते.

नॉरीन दारात येऊन उभी होती. एप्रनला हात पुसत म्हणाली, "चिठ्ठीबिठ्ठी विसर. सरळ तिथल्या इमर्जन्सीच्या दारात जाऊन उभी राहा. दारातनं हाकलता येत नाही त्यांना, कायदा आहे. पण दारात बसवून ठेवता येतं. बसू नकोस."

व्हर्लीन घरी पोचली तेव्हा रोझेल पलंगाच्या कडेला बसला होता. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाला, "सही केलीये मी."

"सही तुझी आहे. पाय माझाही आहे. चाळीस वर्षं त्याच्या मागे मोजे उचलतेय."

"मग इस्त्री तापव," रोझेल म्हणाला.

आणि खोटं वाटेल, पण व्हर्लीननं तापवली. हात आपोआपच गेले. सूट, टोपी, सगळं. बूट मात्र पायात जाईना. रोझेलनं दात आवळून, पलंगाचा खांब धरून तो घुसवला. ज्या पायाला चूक टोचलेली कळली नव्हती त्यातून कुठूनतरी खोलवरून एक कळ आली आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. "बसला," तो म्हणाला.

जॅक्सन एकशे दहा मैल. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं. व्हर्लीन एका डोळ्यानं रस्ता बघत होती आणि एका डोळ्यानं रोझेलला. तो बोलत राहिला तर तिला बरं वाटायचं, गप्प झाला की ती काहीतरी विचारायची.

"ती वीस फुटी मासळीची गोष्ट सांग."

"ती तुला खोटी वाटते."

"आज खरी वाटेल. सांग."

त्यानं सांगितली. या वेळी मासळी सव्वीस फुटांची निघाली. पण शेवटाला येता येता त्याचा आवाज बारीक झाला, दात वाजायला लागले. तिनं हात लावला तर कपाळ तव्यासारखं. ताप चढला होता. अजून चाळीस मैल.

इमर्जन्सीच्या दारासमोर तिनं गाडी उभी केली. काचेतून आतल्या खुर्च्या दिसत होत्या: भरलेल्या. भिंतीशी एक म्हातारी नीट घडीचा कोट घालून, मांडीवर पर्स धरून, पाठ सरळ ठेवून बसली होती. ती कधीपासून बसली असेल ते तिच्या सरळ पाठीवरून कळत होतं. चांगल्या दिसत होत्या बाई.

व्हर्लीननं गाडीचं इंजिन बंद केलं. ती गाडीला वळसा घालून रोझेलच्या बाजूला आली, फरशीवर गुडघे टेकले आणि त्याच्या लेस सोडायला लागली.

"काय करतेस?"

"बूट काढतेय."

"वेडी झालीस? लोकांसमोर?"

"लोकांसमोरच."

"मी काय भिकारी आहे?" त्यानं पाय मागे ओढला. "व्हर्लीन, मी अनवाणी नाही जाणार त्यांच्यासमोर. कापू देत. पण मी बूट घालून आत जाईन."

"मीच बांधली होती रे ती गाठ," व्हर्लीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "त्या पोरीनं सोडली नाही, पण बांधली मी होती. माझ्या आईनं शिकवलेली. मला सोडू दे."

मग त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि पाय पुढे केला. बूट निघाला, मोजा निघाला. वास निघाला तसा दारातला सिगारेट ओढणारा माणूस ती विझवून आत गेला.

"आणखी एक," व्हर्लीन म्हणाली. "आत कुणी विचारलं, कसं वाटतंय, तर तक्रार नाही म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"तक्रार कर! घरात मीठ कमी पडलं की करतोस तशी कर. बिस्किटं कडक झाली की करतोस तशी. देवाला मी समजावते."

आत टेबलामागची बाई कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली, "नाव? काय होतंय? एक ते दहामध्ये दुखणं किती?"

रोझेलनं तोंड उघडलं. व्हर्लीनला दिसलं, त्याच्या ओठांवर ते जुनं वाक्य येऊन बसलंय, बापाचं, आजोबांचं. क्षणभर वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "बाई, दुखत नाही हीच तक्रार आहे." आणि सहा फूट तीन इंचांच्या रोझेल टॉलिव्हरनं, तीन तुकड्यांच्या सूटमध्ये, बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन डावा पाय उचलला आणि टेबलावर, कागदांच्या मधोमध, ठेवला.

म्हणतात की त्या दालनातला टीव्हीसुद्धा गप्प झाला. टेबलामागची बाई खुर्चीसकट मागे गेली. तिनं बोटं बघितली, मग पहिल्यांदाच रोझेलचं तोंड बघितलं. चार मिनिटांत चाकांचा पलंग आला. व्हर्लीन त्याच्यामागे चालता चालता भिंतीशी बसलेल्या म्हातारीजवळ थांबली.

"काय होतंय हो तुम्हाला?"

"छातीत जरा," म्हातारी कुजबुजली. "पण त्यांना वेळ होईल तेव्हा."

"ओरडा," व्हर्लीन म्हणाली. "आत्ता." आणि पलंगामागे धावली. मागून एक बारीक, सवय नसलेला आवाज आला, मग जरा मोठा.

आत डॉक्टर आली. तरुण, काळी, केसांच्या बारीक वेण्या मागे बांधलेल्या. रोझेलनं तापातही डोळे बारीक केले.

"तू कुणाची गं?"

"मॅकलेमोर. याझू सिटीकडचे."

"ऑटिस मॅकलेमोर? ज्याचं खेचर चर्चमध्ये शिरलं होतं?"

"पणजोबा," ती म्हणाली, आणि हात चालूच होते. रक्त वाहतंय का ते ऐकायचं, पेनासारखं एक यंत्र तिनं पायावर टेकवलं. त्यातून नुसती खरखर आली. जागा बदलली. खरखर. आणखी वर. व्हर्लीन त्या खरखरीत कान घालून उभी होती. डॉक्टरच्या कपाळावर आठी आली.

"या पायाच्या नळ्या कधी बघितल्यात कुणी?"

"नाही."

"पाय कापायला कोण निघालं होतं?"

"जिल्ह्याचा सर्जन. उद्या सात वाजता," व्हर्लीन म्हणाली.

तोंड मिटून डॉक्टरनं जो श्वास घेतला तो व्हर्लीनला कळला. तसा तीही घ्यायची. मग डॉक्टर म्हणाली, "मावशी, वचन देत नाही. ताप आहे, उशीर झालाय. आज औषधं लावते, पहाटे आत घेते. नळी उघडली तर पाय राहील. नाही उघडली तर तेच करावं लागेल जे तिथं करणार होते. पण बघितल्याशिवाय नाही कापणार."

पहाटे रोझेलला नेलं. जाताना तो म्हणाला, "काही झालं तर बूट क्लिओथाला दे."

"बूट नदीत टाकणार आहे मी," व्हर्लीन म्हणाली.

मग ती बसली. इथं बसण्यावाचून इलाज नव्हता. भिंतीवरचं घड्याळ सहावर होतं, मग सव्वासहा. कुणी दार उघडलं की तिचं काळीज उडायचं. ती मनात देवाशी भांडत होती, सौदे करत होती, परत घेत होती. ड्वेनसाठी कुणी सौदा केला नव्हता. त्याला नुसतं पाठवलं होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला.

"मिसेस टॉलिव्हर? जिल्हा हॉस्पिटलमधून. शस्त्रक्रियेची खोली तयार आहे. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. पेशंट आलेला नाही."

"पेशंट दुसरीकडे गेलाय."

"पण... त्यांच्या पायाचं काय?"

"तोही बरोबर गेलाय," व्हर्लीन म्हणाली. "सध्या दोघं एकमेकांना सोडायला तयार नाहीत." तिनं फोन बंद केला आणि पर्सच्या तळाशी, रुमालाखाली, टाकला.

पावणेदहाला डॉक्टर मॅकलेमोर दारात आली. व्हर्लीन पर्स उचलून उठायला लागली. डॉक्टरच तिच्यासमोर खाली बसली.

"दोन ठिकाणी बंद होती. एक उघडली. दुसरी निम्मी. ती दोन बोटं काढली. पाय आहे."

"आहे?"

"आज आहे. पुढचे दहा दिवस नाजूक. त्यानंतर दर तीन महिन्यांनी मला दाखवायचा. आणि आधी आला असतात तर बोटंही..." ती थांबली.

"बोल," व्हर्लीन म्हणाली. "मला माहीत आहे."

रोझेल गुंगीत होता. व्हर्लीननं कुणाला न विचारता चादर वर केली. बँडेजच्या वर, नडगीवर, तिनं तळवा ठेवला. ऊब होती. चुलीजवळ ठेवलेल्या पिठाइतकी, हळूच. ती तशीच उभी राहिली, हात न उचलता.

"मीठ कमी आहे इथल्या सूपात," रोझेल डोळे न उघडता पुटपुटला. त्याला अजून सूप दिलंच नव्हतं.

डॉक्टर हसली आणि जायला वळली.

"थांब गं," व्हर्लीन म्हणाली. तिनं चादरीची दुसरी बाजू उचलली, उजव्या पायाचा मोजा धरला आणि एका झटक्यात ओढून काढला. "हाही बघ."

"याचं काही झालेलं नाही ना, मावशी? आत्ता त्याची गरज..."

"डाव्याचंही कागदावर काही झालं नव्हतं. बघ."

डॉक्टर परत आली. तिनं वाकून नाडी शोधायला दोन बोटं उजव्या पायाच्या पाठीवर टेकवली. जरा सरकवली. डोळे मिटले. पुन्हा सरकवली. यंत्राची टुकटुक, बाहेरच्या गाड्या, सगळं लांब गेलं.

"आहे," डॉक्टर शेवटी म्हणाली. "बारीक आहे. पण आहे."

"बारीक म्हणजे किती?" व्हर्लीननं विचारलं, आणि खुर्ची ओढून बसली.